कुंभेरीच्या वाट्याचे निरोप

"शेवटचं सांगते," हेमांगी साळसकर पडद्याकडे बघून ओरडली, "कुंभेरीचं कोठार बंद झालंय!"

"तशी नोंद नाही," नाणजचा रांगदार शांतपणे म्हणाला.

औषधांची ही यंत्रणा सांभाळणाऱ्या हेमांगीच्या डोक्यात हा शांतपणाच जायचा. तालुक्यातल्या कुंभेरी, नाणज आणि वरवली या तीन कोठारांत सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवलेलं असे. तिथे माणूस नव्हता. उपकेंद्रातून किंवा वाडीतल्या खांबावरच्या बटणातून निरोप आला, की कपाट आपोआप उघडायचं आणि ड्रोन औषध घेऊन उडायचा. निरोप रांगेत लावून योग्य कोठाराला पोचवायचं काम रांगदारांचं, म्हणजे प्रत्येक कोठारातल्या बोलत्या संगणकाचं. तिघांचा मिळून एक समूह. निरोप एक वेळ थांबेल, पण हरवणार नाही, ही त्यांची ख्याती होती.

फोनवर बोरघर उपकेंद्राच्या नर्स प्रमिलाताई होत्या. "मॅडम, अहो वीस मिनिटं झाली! भात कापताना नाग चावलाय या बाईला. पापण्या उघडत नाहीयेत तिच्या. पुन्हा निरोप पाठवू?"

"नको ताई, तोही तिकडेच जाईल."

एका रुग्णाचे सगळे निरोप एकाच कोठाराकडे जावेत, हे सेटिंग हेमांगीनेच केलेलं. आणि गेल्या शुक्रवारचा पराक्रमही तिचाच. कुंभेरीचं कोठार कायमचं बंद करायचं होतं. त्याला समूहातून रीतसर बाहेर काढायचं तर बेचाळीस प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरावर पुन्हा "कारण?" सतराव्या प्रश्नाला तिचं डोकं फिरलं. तिने सरळ कुंभेरीचं यंत्र बंद केलं आणि घर गाठलं. उरलेले दोघे समजले, कुंभेरी आजारी आहे, येईल परत. त्याच्या वाट्याचे निरोप त्यांनी बाजूला जपून ठेवले, बिऱ्हाड हलवलेल्या माणसाचं टपाल शेजाऱ्यांनी ठेवावं तसे.

"कुंभेरीला सक्तीने काढ."

"कारण?"

"कारण मी मूर्ख आहे! न सांगता बंद केलं मी ते. घे लिहून!"

"नोंद झाली. वरवलीच्या रांगदाराचीही संमती आहे."

नकाशावर ड्रोनचा ठिपका हलला. सात मिनिटांनी औषध पोचलं. पुढचा तासभर हेमांगी फोन कानाला लावून बसली होती.

"डोळे उघडलेन, मॅडम!" प्रमिलाताई अखेर म्हणाल्या. "पाणी मागतेय."

हेमांगीला रडू फुटलं. तिने तोंडावर पाणी मारलं आणि चहा मागवला.

"आणखी दोन निरोप मोकळे झाले आहेत," नाणज म्हणाला. "जुने आहेत, म्हणून विचारतो."

"कुठले?"

"सड्यावरच्या खांबांवरचे. एक शनिवारी सकाळचा, एक रविवारचा."

आज मंगळवार होता. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, फोनला रेंज नाही, म्हणून तर ते खांब उभारले होते. हेमांगी स्वतः वाडीवाडीत गेली होती, बायकामुलांना गोळा करून तिने समजावलं होतं, "बटण दाबा आणि तिथेच थांबा. माणसाला हलवू नका. औषध येणारच."

"पाठवू का?" नाणजने विचारलं.