वाचून झाल्याशिवाय कार्ड नाही

गुरुवारी संध्याकाळी पंचवटीत अक्काबाईंच्या फुलांच्या दुकानावरच्या खोलीत वाचनमंडळ जमलं होतं. चहा होऊन गेला तरी हर्षल आणि त्याची बायको चैताली आले नव्हते. जुन्या संस्कृत नाटकाचं मराठी भाषांतर वाचायला घेतलं होतं, ते ऐन मध्यावर थांबलेलं. त्यामुळे कुणी उठतही नव्हतं.

मग जिन्यावर पावलं वाजली. हर्षल एकटाच वर आला. हातात दवाखान्यात नेलेली पिशवी होती.

"चैताली कुठं राहिली रे? ताप उतरला का तिचा?" अक्काबाईंनी विचारलं.

त्याने पिशवीतून नाटक काढून टेबलावर ठेवलं.

"गेली ती, अक्का. दुपारी."

डेंग्यू होता. पुस्तक तिनेच बरोबर घ्यायला लावलं होतं. पडल्या पडल्या ऐकेन म्हणाली होती. दवाखान्यात दोन्हीकडची माणसं जमली होती, कागदपत्रं व्हायची होती. तेवढ्यात हर्षल गाडीवर बसला आणि गुरुवारी जिथे जायचा तिथे आला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

याच खोलीत ती त्याला पहिल्यांदा भेटली होती.

तेव्हा अक्काबाईंना कुणीतरी जुन्या पुस्तकांची ट्रंक दिली होती. संतांचे अभंग, पंडितांची काव्यं, बखरी, नाटकं. ठेवायला खोकी हवी होती, म्हणून त्यांनी हर्षलला सांगितलं. हर्षल पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल निवडायचं काम बघायचा. श्रावणातल्या रिपरिपीत तो रिकामी खोकी घेऊन आला. वर कुणी नव्हतं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्याने पुस्तकं लावून टाकली.

"हे कुणी लावलं?"

दारात एक मुलगी उभी होती. ओढणीचं टोक पिळत होती. दिंडोरीच्या शाळेत मराठी शिकवणारी चैताली.

"मी," तो म्हणाला. "साइज बघून. हा एक्स्पोर्टचा माल, हा दोन नंबर... आणि फाटकं, डागाळलेलं ते लोकलला."

तिने तिसऱ्या खोक्यात डोकावलं आणि खळखळून हसली.

"अहो, सगळे संत लोकलला घातलेत तुम्ही! आणि एक्स्पोर्टला काय निघालंय — व्याकरण!"

"त्याच्यावर एक डाग नाही."

"कसा असेल? कुणी हात लावलाय का त्याला? या बाकीच्यांवर बघा, हळद सांडलीय, तेल सांडलंय. घरात वाचलेली पुस्तकं आहेत ही."

हर्षल ओशाळला. "मग लावायची कशी?"

"प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करायचं. नाव, कुणी लिहिलं, आत काय आहे."

"आत काय आहे ते माहीत आहे तुम्हाला?"

"तसं... सगळ्यांचं नाही."

"मग कार्ड कसं लिहिणार? आमच्याकडे पेटी उघडून बघितल्याशिवाय शिक्का मारत नाहीत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"बरं. तुम्ही मोठ्याने वाचा, मी कार्ड लिहिते. खोक्यावरचं तुमचं अक्षर पाहिलंय मी. मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं आहे."

असे गुरुवार सुरू झाले. हळूहळू भाजीवाले, फुलवाले येऊन बसू लागले. अक्काबाई गजरे ओवत ऐकायच्या. हर्षल वाचताना अडखळला की चैताली मान वर करून शब्द सांगायची. अवघड शब्द बरेच होते. पण तो सोप्यालाही अडखळू लागला.

"आज 'कमळ'ला अडखळलात," एकदा जिन्यात ती म्हणाली. "फार अवघड होतं का?"

"नाही... अडखळलं की तुम्ही वर बघता ना."

ती एक पायरी खाली उतरली, थांबली.

"मग अडखळत जा," म्हणाली. "मला चालेल. अक्काबाई मारतील, ते तुमचं तुम्ही बघा."

द्राक्षं सुरू झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी एक घड आणला. कागद उघडता उघडता म्हणाला, "लोकलचाच माल आहे."

"मग गोड असणार."

गोदावरीकाठी दोघं उभ्या उभ्या खात होती. शेवटचे मणी उरले तेव्हा त्याने विचारलं, "माझं कार्ड कधी लिहिणार?"

"वाचून झाल्याशिवाय कार्ड नाही. नियम तुमचाच आहे."

"आणि वाचून कधी होईल?"

"म्हातारपणापर्यंत जाईल..." ती मण्याकडे बघत म्हणाली. "घाई आहे का?"

"नाही."

"मग आमच्या घरी ये, बाबांना विचार. आणि आता हे अहो-जाहो पुरे झालं, हर्षल."

लग्नानंतरही गुरुवार चुकला नाही. ट्रंक रिकामी होत आली, खणात तिच्या अक्षरातली कार्डं साठत गेली. शेवटी हे एक नाटक राहिलं. राजा आणि त्याची राणी, एकमेकांपासून तुटलेली. आजारी पडायच्या आदल्या गुरुवारी चैताली सगळ्यांना म्हणाली होती, "काळजी करू नका, आपल्या जुन्या नाटकात शेवटी भेट होतेच."

ती गेल्यावर ते आठवलं की हर्षलला पुस्तक उघडवत नव्हतं. दिवाळी झाली, थंडी पडली. मग अक्काबाईच एकदा पॅकहाऊसवर येऊन उभ्या राहिल्या.

"तू नाय वाचायचं ठरवलं, पण आम्ही काय करावं? ती राणी लय दिवस झाले रानात बसलीय. लोक मला दुकानात येऊन विचारतात."

"अक्का, माझ्याच्यानं नाही होणार."

"नाय झालं तर मधेच बंद कर. पण ये."

तो गेला. दोन-तीन ओळींतच अडखळला आणि सवयीने थांबला. कुणी शब्द सांगितला नाही. मग त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं, अक्षर अक्षर लावलं आणि पुढे गेला. तसेच पुढचे गुरुवार गेले.

शेवटचं पान संपलं तेव्हा अक्काबाईंनी डोळे पुसले. "भेटली ना रे दोघं?"

"भेटली."

त्याने पुस्तक मिटलं. खणातून एक कोरं कार्ड काढलं, पेन घेतलं, टोपण उघडलं. बाकीच्या कार्डांकडे जरा वेळ बघत राहिला. मग टोपण परत लावलं.

"मी लिहू का?" अक्काबाई हळूच म्हणाल्या. "माझं अक्षर बरं हाय."

"नको अक्का. मीच लिहीन."

नाटक वाचून झालं आहे. त्याचं कार्ड लिहायचं राहिलं आहे.