दुसरी उलटी होऊ नये म्हणून

पहिलीच भेट, आणि स्वागत उलटीने! रिकव्हरी रूममधली सिस्टर पडदा सारून आत आली आणि पलंगावरच्या पाच वर्षांच्या ठकीने तिच्या पांढऱ्या बुटांवर संत्र्याचा रस ओकून टाकला. ठकीच्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं. शेजारी तिचा मामा उभा होता... हातात रिकामा ग्लास, चेहरा चोरासारखा.

“रस कोणी दिला?”

“मी... ती नको म्हणत होती, पण सकाळपासून उपाशी हो बिचारी—”

“नको म्हणत होती ना? मग? डोळ्याचे स्नायू ओढले की पोट ढवळतं, त्यात भूल दिलेली. मूल आपणहून मागेपर्यंत थेंबही द्यायचा नाही!”

आणखी चार शब्द सुनावायचे होते, पण हा पठ्ठ्या खाली बसून स्वतःच्या रुमालाने तिचे बूट पुसायला लागला. राग कुठल्या कुठे पळाला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसरी उलटी झाली तर आज मुक्काम, नाही झाली तर घरी. ठकीची आई तान्ह्या बाळाला घेऊन बाहेर ताटकळत होती. आत एकालाच सोडत, आणि ठकीला मामाच हवा होता.

मामाच्या दंडावर डोकं ठेवून, त्याचा दुसरा हात मुठीत धरून ठकी झोपली.

“आता हलायचं नाही. ती हलली की पुन्हा मळमळ,” सिस्टरने बजावलं.

“श्वास घेतला तर चालेल?”

“हळू.”

त्यानंतर ती काही ना काही निमित्ताने तिथेच घुटमळत राहिली. ठकीसाठी, असं स्वतःला सांगत. साफ खोटं!

शेवटी तिने चहा आणला. त्याचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून कप तिनेच त्याच्या ओठांशी धरला. त्याने वर पाहिलं... आणि कपाकडे बघायचं ती अशी विसरली की चहा त्याच्या शर्टावर.

“फिट्टंफाट!” तो कुजबुजला.

“मामा, पाणी,” ठकी उठून म्हणाली.

दोन चमचे पाणी. दोघेही जीव मुठीत धरून तिच्याकडे बघत राहिले. काही झालं नाही! वर बाईसाहेबांनी बिस्किटही मागितलं. सिस्टर टाळ्याच वाजवणार होती, आणि मग तिच्या लक्षात आलं. आता हे घरी जाणार.

गेलेही. ती रिकाम्या पलंगाची चादर ओढत असताना तो धापा टाकत परत आला.

“काही राहिलं का?”

“नाही. म्हणजे... उद्या पट्टी काढायला ताई आणणार आहे तिला. मला यायला काही कारणच नाही. पण यायचंय. तुम्हाला भेटायला.”

तिचे कान तापले. इतका आनंद झाला की चादर हातातून सुटली.

“विनाकारण आत सोडत नाहीत इथे,” ती कशीबशी म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

“म्हणून बाहेर फाटकाशी थांबायचं. माझी ड्युटी संपली की मी येईन.”

“उद्या?”

“उद्या कशाला? ठकीला घरी सोडा, आणि आजच या!”