सूत कातणारी

दानेश्वरीच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर तिचं नाव चुकलं होतं. दुरुस्तीसाठी शपथपत्र लागणार होतं, म्हणून ती कोर्टासमोरच्या एका वकिलांकडे गेली. इंग्रजी मसुद्यात तिच्या नावापुढे एक शब्द होता – स्पिन्स्टर. तिने मोबाइलवर अर्थ पाहिला. लग्नाचं वय उलटलेली कुमारिका.

ती पस्तिशीची होती. तिने कागद शांतपणे टेबलावर ठेवला. “हे कुणी लिहिलं?”

“मी,” कोपऱ्यातला माणूस म्हणाला.

तो नंदीश. कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा, उरलेल्या वेळात इथे मसुदे करायचा. त्याने माफी मागितली, शब्द खोडला. मग घुटमळत सांगितलं, की जुन्या इंग्रजीत याचा अर्थ नुसता ‘सूत कातणारी’ असा होता. त्यातल्या बऱ्याचजणी एकट्या असत, कातून पोट भरत. पुढे सरकारी कागदांत प्रत्येक अविवाहित बाईपुढे तोच शब्द येऊ लागला. टोमणा फार नंतर चिकटला.

दानेश्वरी त्याच्याकडे वळली. “मी चिंचोळीला सूतगिरणीत आहे,” ती म्हणाली. “सूत तपासते.”

त्याचे कान लाल झाले.

शपथपत्र न्यायला ती पुन्हा आली, तेव्हा सूत कसं तपासतात ते त्याने विचारलं. त्याच्या बाहीचा सुटलेला दोरा तिने बोटाला गुंडाळून तट्‌कन तोडला. “हे कच्चं...” ती म्हणाली. तो तुटक्या दोऱ्याकडे नाही, तिच्या बोटांकडे बघत होता.

मग दर रविवारी दोघं कंबर तलावावर भेटू लागले. तो एखाद्या शब्दाची गोष्ट सांगायचा, ती गिरणीतली. वर्ष गेलं. जे बोलायचं ते दोघांनीही टाळलं.

फेब्रुवारीत त्याला धारवाडला कायमची नोकरी लागली. दहा वर्षं तो अशा नोकरीची वाट पाहत होता. तलावाच्या कट्ट्यावर त्याने पत्र दाखवलं. चांगलं झालं, असं ती म्हणाली. मग वाचलेलं पत्र मांडीवर ठेवलं.

“मला नाही येता येणार,” ती म्हणाली. “आई आहे, काम आहे...”

“चला म्हणत नाही मी. राहू का – विचारतोय.”

तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तो काय सोडतोय, हे तिला नीट कळत होतं. नको म्हणणं सोपं होतं, आणि शहाणपणाचंही. तिने पत्राची घडी घातली, त्याच्या हातात दिली. पण आपला हात काढून घेतला नाही.

“राहा की,” ती म्हणाली.