प्रतीक्षा-मर्यादा

पडद्यावर दिसणाऱ्या वाचाफळीच्या डाव्या द्वाराचा दिवा पिवळा होता. लाल नव्हता. मार्ग तुटला की दिवा लाल होतो आणि मार्ग वापरात असला की हिरवा. पिवळ्याचा अर्थ मधला: मार्ग शाबूत आहे, त्यावरून काहीतरी येतेही आहे, पण पाळी दुसऱ्याला दिलेली आहे.

"मॅडम, हा असा कधीपासून आहे?" नाझनीन मुकादमने विचारले.

"असतो अधूनमधून," उल्का सबनीस म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मज्जादुवा प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. नाझनीन त्यांच्या हाताखाली दुवापेट्यांची मांडणी करत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्काबाईंचे पती विश्राम यांची कवटी दुसऱ्यांदा उघडायची होती. पक्षाघातानंतर त्यांच्या मेंदूत तारा घालून छातीच्या त्वचेखाली दुवापेटी बसवली होती आणि तिच्यातल्या वाचाफळीने त्यांना पुन्हा बोलते केले होते. आता उजव्या हातासाठी हातफळी घालायची होती. प्रयोगशाळेत नव्या फळीची मांडणी कोणी कोरी लिहीत नसे. चालू फळीची नक्कल करून तीत फेरफार करत. म्हणून नाझनीनने वाचाफळी उघडली होती.

"सरांची संमती झाली ना?"

"सकाळीच. चित्रीकरण आहे."

"काय म्हणाले?"

"'तू म्हणशील तसं.'"

"नशीबवान आहात. आमचे मिस्टर एवढं एकदा जरी म्हणाले, तरी मी अख्ख्या मजल्याला मिठाई वाटीन." हसत हसत ती आकडे वाचत होती. एका आकड्याशी तिचे हसू थांबले.

"मी सांगत जाते, चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "फळीला वर जाणारी दोन द्वारं. डावं सरांच्या मेंदूतल्या वाचाकेंद्राला जोडलेलं, तो मूळ दुवा. उजवं भाकीतयंत्राला, तो राखीव. सरांची जुनी व्याख्यानं, फोन, घरातलं बोलणं, सगळं त्या यंत्राला शिकवलंय. समोरच्यानं काय विचारलं ते ऐकायचं आणि सर काय म्हणाले असते ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. गळा एकच, म्हणून एका वेळी एकच दुवा. मूळ दुवा ठरल्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहिला, तर तो मेला असं धरून पेटी राखीवला पाळी देते."

"बरोबर."

"ती प्रतीक्षा-मर्यादा चाचणीत बारा सेकंद होती. इथं एक आहे."

उल्काबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण पडद्याकडे पाहिले नाही.

"सरांना पहिला शब्द जुळवायला किती लागतात?"

"पाच. दमलेले असले तर आठ."

"म्हणजे त्यांचा शब्द द्वारापर्यंत येतो, तेव्हा यंत्राचं उत्तर देऊन झालेलं असतं."

"हो."

नाझनीनने खुर्ची मागे सरकवली. "गप्प असणं आणि मेलेलं असणं यांतला फरक पेटीला कळत नाही, तो आकडा घालून आपण सांगायचा असतो. हे मला तुम्ही शिकवलंत. कोणी बदलला हा आकडा?"

"मी."

उल्काबाईंनी चष्मा पुन्हा काढून टेबलावर ठेवला.

"भाच्याचं लग्न होतं," त्या म्हणाल्या. "व्याह्यांनी यांना विचारलं, तब्येत कशी आहे. हे खुर्चीत नुसते तोंड उघडून बसलेले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मागं लोकांची रांग खोळंबलेली. व्याही हसले, यांच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढं गेले. आणि मी... मी त्यांच्यापासून जरा लांब सरकले, नाझनीन. फोटो काढत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी रिसेप्शन होतं. तेवढ्यापुरतं म्हणून बारा काढून एक घातला. रिसेप्शनला हे इतकं छान बोलले. पूर्वीसारखेच. सगळ्यांनी माझं कौतुक केलं."

"आणि नंतर परत बारा?"

"रोज करणार होते, धीर झाला नाही. बारा केले असते तर तेव्हापासून काय चाललंय ते त्यांनीच सांगितलं असतं मला."

"सरांना ऐकू येतं?"

"कानाला काही झालेलं नाही. सगळं ऐकू येतं. त्यांच्या गळ्यातून काय निघतं तेही."

नाझनीनने पडदा उल्काबाईंकडे वळवला. "मी याची नक्कल करणार नाही. हाताला हाच आकडा दिला, तर सरांचं ठरायच्या आत हात सही करून मोकळा होईल. आणि सकाळची संमती सरांची नाही. ती यंत्राची आहे."

"माहीत आहे मला."

"मग उद्या?"

उल्काबाई उठल्या. त्यांनी हातात धरायचा छोटा पडदा उचलला आणि शेजारच्या खोलीत गेल्या. नाझनीन दारापाशी उभी राहिली.

विश्राम खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. पूर्वी ते हवामान खात्यात होते आणि अजून दिवसभर ढग पाहत. उल्काबाईंनी त्यांच्यासमोर स्टूल ओढले. बारा सेकंदही त्यांना कमी वाटले. त्यांनी राखीव द्वारच बंद केले.

"अहो, उद्या डोकं परत उघडायचं आहे. हाताची फळी बसवायला. रोज विचारते, तेच पुन्हा विचारते. तुम्हाला हवंय का?"

काही झाले नाही. विश्रामांनी मान वळवली. एका सेकंदात नेहमी यायचे ते गुळगुळीत उत्तर आले नाही, तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी स्वतःच्या गळ्याला डाव्या हाताने हळूच चाचपून पाहिले.

जबडा हलला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. हनुवटीवर लाळ उतरली. उल्काबाईंचा हात रुमालाकडे गेला आणि मध्येच थांबला. "राहू दे, नंतर सांगा" हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते. ते त्यांनी गिळले. आपल्याला एवढी साधी गोष्ट किती जड जाते आहे, हे नाझनीनला दिसते आहे याची त्यांना जाणीव होती. त्यांनी मान खाली घातली नाही.

"रोज," विश्राम म्हणाले.

आवाज खरखरीत होता. इतक्या दिवसांत उल्काबाईंनी तो ऐकलाच नव्हता.

त्या थांबल्या. वाक्य पुरे करून देण्याचा मोह त्यांनी दोनदा आवरला.

"सांगतोय."

खिडकीबाहेरचा ढग गच्चीच्या कठड्यावरून पुढे सरकला. विश्रामांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते थकलेले दिसत नव्हते. त्यांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिले, श्वास घेतला, आणि या वेळी त्यांना पाच सेकंदही लागले नाहीत.

"नको."