बारा नंबरचा गॅस

दत्तारामचं गॅरेज चौके तिठ्याच्या जरा पुढे, काजूच्या झाडाखाली आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावाची, शिवादादाची गाडी तिथे नेली. नेली म्हणजे दत्तारामनेच ओढून नेली. मला चालवता येत नाही. पुतणीचं, समीक्षाचं लग्न मे महिन्यात होतं आणि वडिलांच्याच गाडीतून सावंतवाडीला सासरी जायचा तिचा हट्ट होता. त्या उकाड्यात शालू नेसून जायचं तर एसी हवा. पण जुना, बारा नंबरचा गॅस आता मिळत नव्हता. एसी नव्या, एकशे चौतीस नंबरच्या गॅसवर न्यायचा होता.

सूचनांची पुस्तिका इंग्रजीत होती.

"मास्तरानू, तुमी वाचा, मी करतंय," दत्ताराम म्हणाला.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. वाचणं एवढंच येतं, आणि तेही नीट येतं का, याची शंका असते.

जुना गॅस काढायला त्याने मीटर लावला. काटा सरळ वर गेला.

"ह्यो एसी कदी चालवललो?"

"सत्त्याऐंशीत. नंतर कधीच नाही."

"सतरा वर्सां? आणि ग्यास तसोच?" त्याने पाइपवर टिचकी मारली. "मास्तरानू, बुच लावललो सोडोसुद्धा इतको टिकणा नाय हो!"

मी हसलो नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात फोंडाघाटाच्या पायथ्याशी शिवादादाच्या छातीत कळ आली. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवर आडवा झाला. इंजिन आणि एसी चालू ठेवून, गारवा जाऊ नये म्हणून मी काचा-दारं लावली. मी शेवटचं दार लावताना त्याने विचारलं, "किती येळ?"

"धा मिनटां," मी म्हणालो.

बाजारात डॉक्टरांचं घर लगेच सापडलं. डॉक्टर जेवायला बसले होते. आतली बाई म्हणाली, बसा. जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी ओट्यावर बसलो. ताटावर पळी वाजल्याचा, मग पुन्हा भात वाढल्याचा आवाज ऐकला. बसून राहिलो. डॉक्टरांना घेऊन परतलो तेव्हा दादा गेलेला होता.

घरी मी दहा मिनिटंच सांगितली. समीक्षा तेव्हा पाच वर्षांची होती. अजूनही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगते, काकांनी दहा मिनिटांत डॉक्टर आणलेले.

दत्तारामने तेल बदललं, रबरी वॉशर बदलले, पंपाने आतली हवा ओढली आणि नवा गॅस भरला. शेवटची सूचना मीच वाचली: काचा बंद करून आतलं तापमान मोजावं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन मी पुढे डावीकडे बसलो. त्या दाराची आतली मूठ तुटलेली होती. ड्रायव्हरच्या सीटवर हत्यारांची पेटी होती.

"भिया नको, मी भायरसून उघडतंय," म्हणत दत्तारामने दार लावलं. मी सांगेन ते आकडे तो भिंतीवर खडूने लिहिणार होता.

"किती?" बाहेरून आवाज आला.

"तेहतीस," मी ओरडलो.

"किती?"

"चोवीस."

हवा गार होत गेली. तिला नव्या रबराचा वास यायला हवा होता. वास वरणभाताचा होता.

"किती?"

"सतरा."

पारा उतरत होता. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"किती?"

"धा," मी म्हणालो, आणि समोर पाहिलं. दत्ताराम लांब विहिरीवर पाठमोरा उभा राहून हात धूत होता.

"तेवांय धाच सांगितलंस."

आवाज हवेच्या जाळीतून आला. त्यात राग नव्हता.

मी दार ढकललं. काचेवर थापा मारल्या. पेटीवरून पलीकडे हात घातला, तो पोचला नाही. ओरडायला गेलो. तोंडातून शब्द निघाला नाही. एकही नाही, हे मी शपथेवर सांगतो.

दार उघडलं.

"इतके घामाघूम? बर्फासारख्या थंड झालाहा आतमदी!" दत्ताराम म्हणाला.

भिंतीवर ओळीने आकडे होते. तेहतीस. चोवीस. सतरा. दहा. त्याखाली, चाळीस.

"हे कोणी सांगितलं?"

"तुमीच. बावीर हात धुताना आयकाक इला. तुमचोच आवाज." त्याने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "धानंतर चाळीस कसो, म्हणान मीय इचारात पडलंय."

संध्याकाळी समीक्षा गाडी बघायला आली. तिने भिंत वाचली.

"काकानू, ह्या चाळीस कित्याचा?"

"दत्तारामाची चूक," मी म्हणालो.

"बाबा खंय निजलले? मागे ना?" ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

मी काचेतून पाहत होतो. तिने सीटवरून हात फिरवला, हसली. मग तिचं हसू थांबलं. ती पुढे झुकली आणि जाळीकडे कान केला, हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना करतात तसा. मध्येच तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ऐकू लागली.

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.