बसपुढचा पांढरा रुमाल

पहिल्या वर्षी एनिड पोहायची टोपी विसरली, एवढंच निमित्त झालं.

सामान फाटकाशी गेलं होतं, हेटी आत्या हाका मारत होती. एनिड धावतच आपल्या खोलीत शिरली, तर पलंगावर — तिच्या पलंगावर! — एक लांबलचक पोरगा तंगड्या पसरून सँडविच खात होता.

"ही माझी खोली आहे," ती म्हणाली.

"होती," तो म्हणाला. "आता आठवडाभर माझी. टोपी मात्र राहू द्या... खिळ्यावर शोभतेय."

तो विल्फ गॅरड. नॉर्विचच्या बुटांच्या कारखान्यात कातडं कापायचा. एनिड लेस्टरच्या गिरणीत मोज्यांची टोकं शिवायची. तिच्या गिरणीची सुट्टी ज्या शनिवारी संपे, त्याच शनिवारी त्याच्या कारखान्याची सुरू होई. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या समुद्रकड्यावरचा हा लाकडी खोल्यांचा सुट्टीचा कँप अगदी शांत होता. इथे ना कर्णा, ना बँड. जेवणाची वेळ झाली की कँप चालवणाऱ्या मिस पार्जिटर हातातली घंटा वाजवायच्या, बाकी दिवसभर समुद्र. माणसं दरवर्षी त्याच आठवड्याला, त्याच खोलीत येत. स्टेशनवरून बस नव्या लोकांना घेऊन येई, ड्रायव्हर निवांत चहा पिई आणि जुन्यांना घेऊन परत जाई. त्या चहापुरता तासभर दोघांना मिळायचा.

दुसऱ्या वर्षी विल्फनं तिच्यापुढे सँडल ठेवले. तिच्या पायात ते बेतल्यासारखे बसले.

"माप कुठून घेतलंस?"

"पायरीवर ठेवून गेली होतीस की. ओल्या वाळूचा ठसा. आठवडाभर मी तो ओलांडून जात होतो. आई म्हणाली, पोराला ऊन लागलं."

तिसऱ्या वर्षी एनिडनं त्याला मोजे दिले. "आणि माझं माप गं?" त्यानं विचारलं. "पहिल्याच दिवशी दिसलं," ती म्हणाली, "पलंगाच्या बाहेर आले होते ना पाय!"

एवढंच. बाकी सगळी थट्टा. नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यात हवामान असायचं. समोर इतका बडबडणारा मुलगा, पण पेन हातात धरलं की नुसता पाऊस आणि वारा लिही. एनिड ते कार्ड तरीही उशीखाली ठेवायची. आवडत होता तो तिला, फार आवडत होता.

आणि हे चौथं वर्ष. हिवाळ्यात कडा ढासळला होता, समुद्र खोल्यांच्या पुढच्या ओळीच्या पायऱ्यांशी आला होता. यंदाचा हंगाम संपला की ती ओळ पाडायचं ठरलं होतं, एनिडच्या खोलीसकट. बाबांनी तर जाहीरच केलं, "पुढच्या वर्षी मोठ्या कँपात जाऊ. तिथे कर्ण्यावर उठवतात, म्हणजे उशीर व्हायचा प्रश्न नाही." बाबांना गाडी चुकण्याची विलक्षण धास्ती, तासभर आधी स्टेशनवर पोचले नाहीत तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

म्हणजे आजचा तास शेवटचा. आज बोलायलाच हवं होतं... आणि सकाळी बघते तर समुद्रावरून धुकं आलेलं. कुंपण नाही, फाटक नाही, सगळं दुधात बुडालेलं.

"बस निघालीय," मिस पार्जिटर म्हणाल्या, "पण गोगलगायीसारखी येतेय. आल्या आल्या लगेच वळवणार. ड्रायव्हरला आज चहा नाही."

एनिड दाराशी जाऊन धुक्यात बघत राहिली.

हेटी आत्यानं विणकामातून मान वर केली नाही. "मग जा की."

"कुठे?"

"बस काही आकाशातून उतरायची नाही. रस्ता एकच आहे."

एनिडनं सँडलचे पट्टे आवळले आणि ती निघाली. दोन्हीकडची झुडपं ठिबकत होती, कुठूनतरी रानमोगऱ्यासारखा गोड वास येत होता, आणि समुद्र डावीकडे आहे की उजवीकडे तेच कळत नव्हतं. मग समोर काहीतरी पांढरं हललं. रुमाल... मग हात... मग विल्फ! त्याच्या मागे दोन पिवळे दिवे, आणि घरघरणारी बस.

"बाजूला व्हा, बाई — एनिड?"

तो थांबला. बस थांबली. "चाल रे बाबा!" ड्रायव्हर ओरडला. "थांबलास तर माझं इंजिन बंद पडेल!"

म्हणून दोघं चालायला लागले.

"तू बसच्या पुढे काय करतोयस?"

"त्याला रस्त्याची कड दिसत नाही. कुणीतरी पुढे चालायचं होतं. बसून राहिलो असतो तर वेड लागलं असतं मला."

"का?"

"पाय आखडतात."

"विल्फ!"

"...तू निघून जाशील म्हणून."

धुक्यात त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. "पुढच्या वर्षी आपली खोली नसेल," ती हळूच म्हणाली. "आणि बाबा मोठ्या कँपात जायचं म्हणतात."

रुमाल थांबला. मागून भोंगा वाजला. आणि बसच्या खिडकीतून विल्फच्या आईचा आवाज आला, "विल्फ्रेड! चार वर्षं माझं डोकं खाल्लंस, आता दातखीळ बसली का?"

एनिडनं वळून पाहिलं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीतून माणसं डोकावत होती. आता पळायचं तरी कुठे?

"एनिड," विल्फ म्हणाला, "मला तासभर पुरत नाही गं."

"मग किती हवं?"

"सगळं. सोमवार सकाळ, पावसातला रविवार... भांडणंसुद्धा. लग्न करशील माझ्याशी?"

एनिडनं त्याचा मोकळा हात धरला आणि पावलं हळू केली. बसही तेवढीच हळू आली.

"लेस्टरला बुटांचे कारखाने आहेत," ती म्हणाली. "कातडं कापणारे हवेत त्यांना. मी चौकशी केलीय."

"कधी?"

"तू हवामान लिहीत होतास तेव्हा."

"काय म्हणाली ती?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "हो म्हणाली!" पुढचे ओरडले, आणि सगळी बस टाळ्या वाजवायला लागली.

फाटकाशी बाबा सामानापाशी उभे होते, हातात घड्याळ. धुक्यातून आधी त्यांची मुलगी आली, तिचा हात धरलेला तो खोलीतला पोरगा आला, आणि मग बस. दोघांनी तोंड उघडायच्या आधीच बसमधल्यांनी सगळं सांगून टाकलं. एनिडनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा हो म्हणतील ना?

"गाडी चुकेल," बाबा एवढंच म्हणाले, आणि आत्यासह ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले.

बस वळली. पुढे कुणीतरी चालायला हवंच होतं. विल्फनं पुन्हा रुमाल काढला, आणि एनिड त्याच्याबरोबर निघाली.

अर्ध्या वाटेवर वारा सुटला. धुकं विरलं, आणि बघता बघता बार्लीचं शेत, चर्चचा मनोरा, पार स्टेशनपर्यंतचा रस्ता उन्हात लख्ख दिसायला लागला. पुढच्या दोघांना मात्र पत्ताच नव्हता. ती काहीतरी सांगत होती, तो हसत होता, वर धरलेला रुमाल तसाच हलत होता.

ड्रायव्हरनं भोंग्याकडे हात नेला आणि मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळ काढलं. पाहिलं. परत खिशात ठेवलं.

"धुकं फार दाट आहे," ते म्हणाले. "सावकाश घ्या."