धुऱ्यावरची उटकटारी

"ही पण मेली!" अक्षय मटकन खाली बसला. "मी घरी चाललो. पाय गेले माझे!"

"बस, पण रडगाणं गाऊ नकोस," निशिगंधा, त्याची ताई, कशीबशी म्हणाली. दमली तीही होती.

दिवाळीच्या सुट्टीत कळंबजवळच्या खेड्यात काकाजींकडे आलेली ही भावंडं रोज उन्हात शेतांचे धुरे, म्हणजे बांध, तुडवत होती. कशासाठी? उटकटारीसाठी! काटेरी रानझुडूप ते, पण त्याला निळसर पांढरा, चेंडूसारखा गोल गोंडा येतो. निशिगंधानं वर्गात हे सांगितलं, तर सगळे फिदीफिदी हसले. आता फोटो न घेता परत जायचं म्हणजे वर्षभर थट्टा! आणि उद्या दुपारी तर यवतमाळची एसटी होती.

पण दिसेल ते झाड करपलेलं!

त्यांचा तांड्यावरचा दोस्त ओम वाकून म्हणाला, "हे उन्हानं नाही मेलं बे. बाजूचं गवत बी जळलं. तणनाशक हाय! कोणीतरी धुरे फवारून राह्यलं."

"कोण?"

उत्तर समोरूनच चालत आलं. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. काकाजी, म्हणजे मारोतराव!

"काकाजी, तांड्याकडची उटकटारी सोडा ना! तेवढीच उरलीये. उद्या उमलेल ती!" निशिगंधानं विनवलं.

"काट्याचा फोटो? कायले? सकाळी तो धुरा बी उरकतो. निंदायले माणसं भेटत नाही, अन् माही कंबर गेली."

निशिगंधाला रडूच फुटलं. ते झाड मारोतराव आणि ओमचे आजोबा रामसिंग यांच्या सामाईक धुऱ्यावर होतं.

"रडू नको," ओम हळूच म्हणाला. "घर रंगवून उरलेला चुना हाय आमच्याकडं."

सकाळी पंप घेऊन आलेले मारोतराव जागीच थबकले. दगडांना चुना! धुराभर पांढऱ्या रेघा! "मोजणी? रामसिंगनं जमिनीची मोजणी आणली? अन् फवाऱ्यानं खुणा मिटल्या तं आळ माह्यावर!" पंप तिथंच उतरवून ते तणतणत तांड्याकडे निघाले.

तुरीआडून तिघं धावली. उटकटारी उमलत होती! वरून खाली, एकेक इवलंसं फूल. निशिगंधा कॅमेरा घेऊन पोटावर आडवी झाली. कोपराला काटे टोचले, तरी ती हलली नाही. खटॅक! खटॅक!

तेवढ्यात दोन्ही म्हातारे भांडतच आले.

"मोजणी आणली अन् मले सांगतलं बी नाही?"

"म्या? तुम्हीच आणली असन!"

"पळा!" अक्षय कुजबुजला. फोटो तर मिळाला होता. पण निशिगंधा उठून उभी राहिली. "चुना आम्ही मारला, काकाजी. तुम्ही हिला जाळू नये म्हणून."

दोघांनी चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. मग रामसिंग खो खो हसले. "पोट्टेहो, वकिलाले बी जमलं नसतं हे!"

मारोतराव गुडघे धरून उटकटारीपाशी बसले. बराच वेळ बघत राहिले. "इतके वर्षं जाळलं, पण नीट पाह्यलं नाही कधी. शाबास पोरी! फसवलं मले, पण समोर येऊन सांगतलं बी तूच." त्यांनी रामसिंगकडे पाहिलं. "भाऊ, हा धुरा नाही फवारत आता."

"मंग गवत?"

"वाढू द्या. लय दमलो बाप्पा!"